मायटर सॉ चालवताना: लाकूड घट्ट, हात लांब

पुण्यात नव्या इमारतीतल्या सदनिकेत फर्निचरचे काम सुरू असले की दिवाणखान्याच्या फरशीवर ठेवलेला मायटर सॉ (फिरते पाते वरून खाली आणून लाकूड आडवे किंवा कोनात कापणारे यंत्र), त्यापुढे उकिडवा बसलेला कारागीर आणि त्याने एका पायाने दाबून धरलेली रीप हे दृश्य हमखास दिसते. यंत्र चांगल्या प्रतीचे असते, कारागिराचा हातही बसलेला असतो, पण काम करण्याची ही रीत धोक्याची आहे आणि तिला काटकसर किंवा सवय हे समर्थन होऊ शकत नाही. या लेखात यंत्र कोठे मांडावे, लाकूड कसे धरावे आणि काप कोणत्या क्रमाने घ्यावा हे सांगितले आहे. घरच्या छोट्या कार्यशाळेत स्वतःपुरते काम करणाऱ्यांना आणि रोज यावर पोट असणाऱ्या मिस्त्रींना नियम सारखेच लागू आहेत.

आधी पाते कोणत्या दिशेने फिरते ते समजून घ्यावे, कारण पुढचे बहुतेक नियम त्यातून निघतात. आपल्याकडे सर्वाधिक वापरात असलेल्या यंत्राचे पाते २५५ मिलिमीटर, म्हणजे बोलीत दहा इंची, असते आणि ते मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेते. या हिशेबाने पात्याच्या कडेवरचा प्रत्येक दात ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने धावत असतो. पात्याची आपल्याकडची बाजू वरून खाली येते आणि तळाशी असलेले दात आपल्यापासून दूर, मागच्या फेन्सकडे जातात. फेन्स म्हणजे टेबलावर उभी असलेली धातूची टेकणपट्टी. त्यामुळे लाकूड टेबलावर आणि फेन्सला पूर्ण टेकलेले असेल, तर पाते स्वतःच त्याला खाली आणि मागे दाबून धरते. मात्र लाकूड आणि फेन्स यांच्यात फट राहिली, तर पहिल्या दाताचा स्पर्श होताच लाकूड झटक्याने मागे फेकले जाते किंवा गरकन फिरते, आणि त्याला धरलेला हात त्याच्याबरोबर ओढला जातो. हात आपण होऊन पात्याखाली जाईल अशी भीती सर्वांनाच असते आणि म्हणून त्याबाबत प्रत्येक जण सावध असतो. लाकूड हाताला पात्याकडे नेते, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष असते.

जागा आणि वीज

यंत्र कमरेच्या उंचीच्या टेबलावर किंवा घोडीवर बोल्टने घट्ट बसवावे. टेबलाचा पृष्ठभाग साधारण ८५० ते ९०० मिलिमीटर उंचीवर आला की उभ्याने काम करताना वाकावे लागत नाही. फरशीवर उकिडवे बसलेल्या माणसाला मागे सरकता येत नाही, त्याचा चेहरा पात्याच्या रेषेत येतो, आणि पायाने दाबलेले लाकूड निसटले तर तोलही जातो. जागेवर जाऊन काम करणाऱ्यांसाठी घडीचे स्टँड मिळतात. तेही नको असेल, तर प्लायवुडचे दोन खोके करून त्यांवर यंत्र स्क्रूने आवळले तरी काम भागते. आठ फुटी रीप कापायची असेल, तर तिची दोन्ही टोके यंत्राच्या टेबलाच्याच पातळीवर टेकलेली हवीत. अधांतरी टोक खाली झुकले की काप पूर्ण होण्याच्या क्षणी फाक (पात्याने पाडलेली चीर) मिटते, पाते आवळले जाते आणि लाकूड उसळते. त्या टोकाला हेल्परला उभे करणे हा खरा आधार नव्हे, कारण माणूस नकळत ओढतो किंवा उचलतो.

अशी यंत्रे साधारण १,५०० ते १,८०० वॅटची असतात, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा ते आठ ॲम्पिअर वीज घेतात आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरीच अधिक. त्यामुळे ६ ॲम्पिअरचे साधे सॉकेट टाळून १६ ॲम्पिअरचे घ्यावे. जोडवायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची असावी आणि ती रिळावर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर तापते. बांधकामाच्या जागी वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये खोचून काडीने अडकवण्याची जी पद्धत दिसते, तिला कोणत्याही कारणाने मुभा देऊ नये. पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, असावी. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर ते दुहेरी आवरणाचे आहे आणि त्याला अर्थिंगची पिन नसते. तरीही पावसाळ्यात ओल्या फरशीवर आरसीसीबीशिवाय काम करू नये.

उजेडाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, आणि त्या उजेडात वेग कमी होत चाललेले पाते थांबल्यासारखे किंवा हळू उलटे फिरत असल्यासारखे भासू शकते. यंत्राशेजारी चांगला एलईडी दिवा लावावा, आणि पाते थांबले की नाही हे केवळ डोळ्यांनी ठरवू नये, कानांनीही खात्री करावी.

पाते निवडणे आणि बसवणे

पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच असली पाहिजे, आणि मधले छिद्र यंत्राच्या दांड्याला अचूक बसणारे हवे. ते ३० मिलिमीटरचे आहे की २५.४ मिलिमीटरचे, हे दुकानातच पाहून घ्यावे. या यंत्रासाठी ऋण कोनात (मागे) किंवा अगदी कमी कोनात पुढे झुकलेले दात असलेले पाते घ्यावे. टेबल सॉचे पुढे झुकलेल्या दातांचे पाते लाकडात फार आक्रमकपणे घुसते, आणि सरकत्या यंत्रावर (ज्याचे पाते पुढे-मागेही सरकते) तर ते अंगावर चाल करून येते. सर्वसाधारण कामाला ४० दात पुरतात, बीडिंग, फ्रेम आणि सनमायका लावलेल्या प्लायवुडला ६० ते ८० दात लागतात. लोखंड कापण्याची चकती या यंत्रात कधीही लावू नये. ठिणग्या उडून आत साचलेला भुसा पेट घेऊ शकतो, आणि यंत्राचे गार्डही (पात्यावरचे संरक्षक झाकण) त्या चकतीसाठी केलेले नसते. फॅब्रिकेशनवाल्यांचे चॉप सॉ हे दिसायला सारखे असले तरी वेगळे यंत्र आहे.

पाते बदलताना प्लग सॉकेटमधून बाहेर काढून समोर, नजरेसमोर ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. दांडा अडकवण्याचे बटण दाबून बोल्ट सैल करायचा असतो. बहुतेक यंत्रांत या बोल्टचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो, आणि हे न समजल्यामुळे अनेक जण तो उलट आवळत बसतात. पात्यावरचा बाण गार्डवरच्या बाणाशी जुळला पाहिजे. बसवल्यावर पाते हाताने एकदा फिरवून पाहावे आणि मग ॲलन की जागेवर ठेवून द्यावी.

खालचे पारदर्शक गार्ड यंत्र खाली आणताना आपोआप वर सरकते आणि वर नेताना परत झाकते. त्यावर भुसा साचून समोरचे दिसेनासे झाले की ते तारेने किंवा दोरीने वर बांधून ठेवण्याचा मोह होतो. असे बांधलेले यंत्र ज्या कार्यशाळेत दिसेल, तेथे काम थांबवून आधी ती तार कापावी. गार्ड पुसून स्वच्छ करायला एक मिनिट लागते, आणि त्याची स्प्रिंग बिघडली असेल तर दुरुस्त होईपर्यंत यंत्र वापरू नये.

अंगावर काय असावे, काय नसावे

सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन, मनगटातले कडे, अंगठी आणि हातात बांधलेला गंडादोरा हे सर्व काम सुरू करण्यापूर्वी काढावे किंवा घट्ट आत खोचावे. हातमोजे घालू नयेत. लाकडाच्या कुसळीपासून ते वाचवतात हे खरे, पण फिरणाऱ्या दाताने मोज्याचा धागा पकडला की तो बोटांसकट ओढतो. म्हणून मोजे फक्त फळ्या उचलताना घालावेत. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा सुरक्षा चष्मा हवा, कारण नेहमीच्या चष्म्याच्या कडांतून ढलपी आत येते. पायात चप्पल नको. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि भारतात कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळे कानांत बोळे किंवा वरून इअरमफ असल्याशिवाय काम करू नये.

धुळीकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेली आहे, आणि तिचा संबंध मुख्यतः नाक आणि सायनसच्या कर्करोगाशी आहे. एमडीएफ आणि प्लायवुडच्या धुळीत त्यांना चिकटवणारी रासायनिक राळही असते. नाकावर रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. एन ९५ दर्जाचा मुखवटा वापरावा. यंत्राच्या धूळनळीला व्हॅक्यूम जोडावा, आणि सदनिकेत काम असेल तर ते बाल्कनीत किंवा खिडकीजवळ मांडावे.

लाकूड तपासणे आणि धरणे

पेठांतले जुने वाडे पाडताना निघालेले सागवान पुन्हा वापरण्याची पुण्यात जुनी रीत आहे, आणि ते लाकूड उत्तम असते यात शंका नाही. पण त्यात जुने खिळे आणि तुटलेले स्क्रू हमखास लपलेले असतात. कापाच्या रेषेवरून तगडे लोहचुंबक फिरवावे आणि काळे डाग दिसले तर तेथे खरडून पाहावे. कार्बाइडचा दात खिळ्यावर आदळला तर तुटून उडतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पावसाळ्यात आणलेले लाकूड दमट असू शकते. असे लाकूड कापताना फाक आवळते, म्हणून ते सावलीत सुकवून मग घ्यावे किंवा निदान काप अगदी सावकाश घ्यावा.

फळी वाकलेली असेल, तर तिची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवावी, म्हणजे कापाच्या जागी लाकूड टेकलेले राहते आणि पाते आत गेल्यावर फाक मिटण्याऐवजी उघडते. पोकळ बाजू फेन्सकडे ठेवली तर नेमक्या कापाच्या जागीच फट पडते. गोल दांडा कापायचा असेल, तर तो दातांखाली फिरू नये म्हणून इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडलेल्या ठोकळ्यात बसवून क्लॅम्प करावा. अनेक पट्ट्या एकावर एक रचून एकदम कापणे टाळावे. वरची पट्टी कोणी धरलेली नसते.

हात कोठे असावा, याबाबत निरनिराळ्या यंत्रांच्या पुस्तिकांत पात्यापासून किमान १०० किंवा १५० मिलिमीटर अंतर दिलेले असते. मी शिकणाऱ्यांना एक वीत सांगतो, कारण वीत मोजायला पट्टी लागत नाही आणि ती दीडशे मिलिमीटरपेक्षा जास्तच भरते. फेन्सवर दोन्ही बाजूंना वितीच्या अंतरावर लाल पट्टी चिकटवावी आणि त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये हात जाऊ देऊ नये. लाकूड इतके छोटे असेल की वीतभर अंतर राखून ते धरताच येत नाही, तर ते हाताने धरायचे नाही: क्लॅम्प लावावा, किंवा सरळ हातकरवत आणि मायटर बॉक्स (करवत ठरावीक कोनात चालवण्यासाठी खाचा असलेला खोका) घ्यावा. यंत्राबरोबर मिळणारा उभा क्लॅम्प बहुतेकांच्या कपाटात पडून असतो. तो हरवला असेल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हवा तसा क्लॅम्प मिळतो. क्लॅम्प बसवल्यावर पाते न फिरवता एकदा खाली आणून पाहावे, नाहीतर पाते किंवा मोटर नेमकी क्लॅम्पवर येते.

एक हात मुठीवर आणि दुसरा आपापल्या बाजूच्या लाकडावर असावा, म्हणजे डावा हात कापाच्या डावीकडे आणि उजवा उजवीकडे. मुठीवरचा उजवा हात आणि लाकडावरचा डावा हात कापाच्या रेषेवर एकमेकांना ओलांडतील अशी मांडणी झाली, तर लाकडाची दिशा बदलावी किंवा हात बदलावा.

एकाच मापाचे अनेक तुकडे काढताना, उदाहरणार्थ ड्रॉवरच्या बाजू कापताना, मापाचा अटकाव ठोकळा फक्त धरलेल्या बाजूला लावावा. सुटणारा तुकडा ठोकळा आणि फिरते पाते यांच्यात अडकला, तर तो तिरका होऊन पात्यात घुसतो आणि बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

काप घेण्याचा क्रम

प्लग काढलेला असताना पाते खाली आणून ते खुणेच्या कोणत्या बाजूला पडते हे पाहावे. पात्याची जाडी दोनअडीच मिलिमीटर असते आणि ती खुणेबाहेर, टाकाऊ बाजूला गेली पाहिजे. लाकूड टेबलाला आणि फेन्सला टेकलेले आहे, क्लॅम्प आवळलेला आहे, टेबल फिरवण्याचा आणि पाते तिरके करण्याचा असे दोन्ही नॉब घट्ट आहेत, टेबलावर पट्टी, पेन्सिल किंवा तुकडे नाहीत, या गोष्टी पाहिल्यावरच प्लग लावावा. उभे राहताना पात्याच्या थेट रेषेत न राहता किंचित बाजूला राहावे.

बटण दाबून पात्याने पूर्ण वेग घेऊ द्यावा. एक-दोन सेकंदांत आवाज स्थिर झाला की समजते. पाते लाकडाला टेकवून मग बटण दाबणे ही चूक आहे, कारण त्यामुळे पहिल्याच दाताला झटका बसतो. यानंतर मूठ सावकाश खाली आणावी. आवाज खाली बसू लागला तर जोर जास्त होत आहे, आणि लाकडाचा वास जळकट येऊ लागला तर पात्याला धार हवी आहे.

काप पूर्ण झाल्यावरचा क्षण फार महत्त्वाचा आहे. मूठ खालीच दाबून ठेवावी, बटण सोडावे, पाते पूर्ण थांबू द्यावे आणि त्यानंतरच मूठ वर न्यावी. फिरणारे पाते वर उचलले, तर त्याचे मागचे दात वर जात असतात आणि ते कापलेल्या छोट्या तुकड्याला उचलून भिरकावतात. विद्युत ब्रेक असलेल्या यंत्रात पाते काही सेकंदांत थांबते, ब्रेक नसलेल्यात त्याहून जास्त वेळ लागतो. बोटे पुढे करून तुकडा उचलण्याची घाई नेमकी याच वेळी होते. घाई असलेल्यांनी पाच अंक मनात मोजावेत, आणि त्यानंतरही तुकडा हाताने न काढता पातळ काठीने बाजूला सारावा.

सरकत्या यंत्रावर रुंद फळी कापताना क्रम निराळा असतो: यंत्राचे डोके (मोटर आणि पाते असलेला वरचा भाग) पूर्ण स्वतःकडे ओढावे, बटण दाबावे, खाली दाबावे आणि मग फेन्सकडे ढकलत न्यावे. पाते लाकडात असताना स्वतःकडे ओढले, तर दात लाकडावर चढतात आणि संपूर्ण डोके आपल्या अंगावर उसळते; दातांच्या दिशेची जी गोष्ट वर सांगितली, तीच येथे उलटी वागते.

कोनात कापताना आणखी दोन बाबी पाहाव्यात. पाते तिरके केले की ते ज्या बाजूला झुकते, तिकडची सुरक्षित जागा नाहीशी होते, म्हणून हात दुसऱ्या बाजूला असावा आणि फेन्सचा वरचा सरकता भाग पुरेसा बाहेर घ्यावा. प्लग काढून, पाते पूर्ण खाली आणून आणि पूर्ण सरकवून ते कोठे घासत नाही ना हे पाहावे. फ्रेम किंवा बीडिंगचे सांधे जुळत नसले, की जेमतेम अर्धा मिलिमीटर सोलण्याचा प्रयत्न होतो; पण पात्याच्या जाडीपेक्षा कमी लाकूड कापताना पाते बाजूला वाकते आणि लाकूड घसरते. ४५ अंशांचा कोन आधी टाकाऊ तुकड्यावर कापून गुण्याने तपासला, तर ही वेळ येत नाही. चौकटीला आठ काप लागतात आणि प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक असली, तर शेवटच्या कोपऱ्यात ती चार अंशांची होते. अगदी आखूड बीडिंग हवे असेल, तर ते लांब पट्टीच्या टोकावरच कापावे आणि फेन्सला मागून प्लायवुडची एक पट्टी लावावी, म्हणजे छोटा तुकडा फेन्समधल्या फटीत ओढला जात नाही.

पाते अडकले किंवा वीज गेली तर

बटण ताबडतोब सोडावे, मूठ जेथे आहे तेथेच धरून ठेवावी, पाते थांबले की प्लग काढावा आणि मग लाकूड मोकळे करावे. फिरत्या पात्यातून लाकूड ओढून काढू नये. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, हे येथे कोणाला सांगायला नको. पण काप अर्धवट असताना वीज गेली तरी बटण सोडून प्लग काढण्याची सवय हवी, कारण अटकलेल्या बटणाचे यंत्र वीज परत येताच कोणी जवळ नसताना फिरू लागते.

दुखापत झाल्यास

एकट्याने काम करू नये, हा नियम मुख्यतः या वेळेसाठी आहे. प्लग काढावा, स्वच्छ कापडाने जखमेवर थेट आणि सतत दाब द्यावा, हात छातीच्या वर धरावा आणि सूज येण्यापूर्वी अंगठी काढावी. जखमेत हळद, कॉफी पूड किंवा चुना भरू नये. बोट तुटले असेल, तर ते स्वच्छ, ओल्या करून पिळलेल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या दुसऱ्या भांड्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवल्यास त्याचे नुकसान होते. जखमीला खायला-प्यायला देऊ नये, कारण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. आपल्या भागातल्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही हाताचे किंवा प्लास्टिक सर्जन उपलब्ध असतात, हे आधीच विचारून तो क्रमांक यंत्रामागच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

काम संपल्यावर

दिवाळीपूर्वी किंवा गृहप्रवेशाच्या तारखेपूर्वी रात्री उशिरापर्यंत काम चालते. अशा रात्री मोजमाप, गोंद आणि पॉलिशची कामे घ्यावीत आणि मायटर सॉ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. पात्यावर चढलेली राळ प्लग काढल्यावर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या नायलॉनच्या ब्रशने काढावी आणि पाते पूर्ण कोरडे करावे. कार्बाइडच्या पात्याला धार लावण्याचे काम त्या यंत्राची सोय असलेल्या दुकानातच द्यावे, आणि दात तुटलेले किंवा बैठकीला तडा गेलेले पाते फेकून द्यावे. दर काही आठवड्यांनी गुण्या लावून फेन्स आणि पाते काटकोनात आहेत ना हे तपासावे. यंत्र हलवताना डोके खाली आणून त्याची अटकाव पिन लावावी आणि ते बैठकीला धरून उचलावे, मुठीला धरून नव्हे. ज्या कार्यशाळेत लहान मुले ये-जा करतात, तेथे बटणाच्या छिद्रात बसणारे छोटे कुलूप लावून किल्ली वेगळ्या जागी ठेवावी.